सील तोडण्याआधीची तक्रार

शब्बीर, ते सील तू तोडायला नको होतंस.

तू जाऊन वीस दिवस झाले. लोक भेटतात, तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतात, मी मान हलवतो आणि आतून माझा नुसता संताप होतो. सरळ माणूस होता म्हणतात, हाताला गुण होता म्हणतात. मला त्या प्रत्येकाला विचारावंसं वाटतं, की मग या सरळ माणसाला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्या डबीत हात घालायची काय गरज होती? मशीन वर्षाचंही झालं नव्हतं. डबीवर चिकटवलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सील तुटल्यास वॉरंटी रद्द. तुला वाचता येत नव्हतं असं नाही. शाळेत धडा मोठ्यानं वाचायला गुरुजी तुलाच उठवायचे, आणि मी तुझ्या बाजूला बसून तुझ्या पुस्तकात पाहायचो.

टायरमध्ये हवा भरायचा साधा कॉम्प्रेसर तो. खाली आडवी टाकी, वर मोटर, आणि बाजूला ही डबी. टाकीत पुरेशी हवा भरली की मोटर आपोआप बंद करायची, एवढंच त्या डबीचं काम. ती बंद करत नव्हती म्हणून तू ती उघडलीस, आतले विजेचे पॉइंट घासलेस, स्प्रिंग सारखी केलीस आणि झाकण लावलंस. मोटर वेळेवर बंद होऊ लागली. तू खूश झालास. स्टँडवर मला पाहून तू लांबूनच ओरडलास, "झालं बे काम! कंपनीले जे जमलं नाई ते म्या केलं!" मी हसलो. दोन आठवड्यांनी टाकीच फाटली.

तो बाजाराचा दिवस होता आणि दुपारचे बारा वाजत होते. तू कापसाच्या ट्रॉलीच्या चाकात हवा भरत होतास. मी कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होतो. आवाज तिथपर्यंत आला. न्यायाधीशांनी मान वर केली, मी म्हटलं, "टायर फुटलं असेल, साहेब," आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर मी पाच प्रश्न विचारले, शब्बीर. मग शिपाई आत आला. तुला यवतमाळला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

यातलं एक मला आधी मांडू दे, कारण पोटापाण्यासाठी बावीस वर्षं मी हेच मांडत आलोय. टाकी डबीमुळे फाटली नाही. ती खालच्या जोडावर फाटली, जिथे कारखान्यात वेल्डिंग केलं होतं तिथे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी दुकानात गुडघ्यावर बसून ती पाहिली. मला वेल्डिंगमधलं काही कळत नाही, पण तुझ्या दुकानात इतकी वर्षं बसून चहा प्यायलो, पक्का जोड आणि कच्चा जोड एवढं ओळखायला शिकलो. तो जोड कच्चा होता.

तिसऱ्या दिवशी, तुझ्या घरी माणसं दुआला बसली असताना, मशीन विकणाऱ्या दुकानदाराचा माणूस यवतमाळहून आला. पोलिसांनी पंचनामा करून टाकी तशीच जागेवर ठेवायला सांगितली होती. तो पठ्ठ्या आला, चपला बाहेर काढल्या, फार अदबीनं तुझ्या दुकानात शिरला आणि थेट डबीपाशी जाऊन बसला. तुटलेल्या सीलचे त्यानं चार-पाच फोटो काढले. डावीकडून काढला, उजवीकडून काढला, स्क्रूवर पडलेल्या ओरखड्यांचा जवळून काढला. फाटलेल्या टाकीकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

मी म्हटलं, "याचाही काढा ना एक."

"सील मिस्त्रीनंच खोललं होतं नं, वकीलसाहेब?"

"जोड बघा आधी."

"ते कशानं फाटलं ते आता सांगता येत नाई. मानसानं आत हात घातला तं कंपनी काय करन?"

सांगता येत नाही. हे वाक्य मी ओळखतो. प्रतिवादीच्या बाजूनं मी स्वतः ते किती वेळा म्हटलंय! त्या दिवशी मात्र मला त्याची कॉलर धरावीशी वाटली, आणि धरली नाही याचा अजून राग आहे. तो चपला घालून गेला.

तुला आठवत असेल, तुझ्याच दुकानात एकदा तू मला विचारलं होतंस की दुसऱ्याच्या चुकीनं आपलं वाटोळं झालं तर कोर्टात नेमकं सिद्ध काय करावं लागतं. तू ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवत होतास, बुडबुडे शोधत. मी मोठ्या ऐटीत बोटं मोजली होती. त्याच्यावर काळजी घ्यायची जबाबदारी होती, हे पहिलं. त्यानं त्यात कसूर केली, हे दुसरं. त्या कसुरीमुळेच हे घडलं, तिसरं. आणि आपलं खरोखर नुकसान झालं, चौथं. चारांपैकी एक जरी ढिलं राहिलं तरी दावा पडला.

"मंजे जीपच्या चाकाचे नट," तू म्हणालास. "अन् वॉरंटी?"

मी म्हटलं वॉरंटीचं वेगळं. तिथे निष्काळजीपणा दाखवायची गरज नाही. त्यानं वचन दिलं, तू त्या वचनावर विसंबून माल घेतलास, माल वचनासारखा निघाला नाही आणि तू ते त्याला वेळेत कळवलंस, एवढं पुरे.

"कळवाचं मंजे?"

"नोटीस द्यायची. लेखी."

"अन् ज्याले लिहिता येत नाई त्यानं?"

"त्यासाठी मी आहे ना!"

तू हसलास. "तू हायेस मनून तं लोकं मरून राह्यले." ट्यूब बाहेर काढून भोकावर खडूनं फुली मारलीस आणि म्हणालास, की माझ्या दुकानात वॉरंटीचा कागद नाही. पंक्चर पुन्हा निघालं तर परत आण म्हणतो, माणूस आणतो, मी काढून देतो. यात चार गोष्टी कुठे आल्या? आपण दोघं त्या दिवशी तासभर भांडलो. तू म्हणत होतास की ज्यानं चूक केली त्याला ती माहीतच असते, त्यानं तोंड उघडलं की झालं. मी म्हणत होतो की तोंड उघडू नये म्हणूनच तर लोक वकील करतात. आपला तो वाद मिटला नाही.

जीपच्या चाकाच्या वेळी तर तू मला अक्षरशः रडवलं होतंस. आर्णी रोडला जीपचं पुढचं चाक निघालं, ड्रायव्हरच्या खांद्याचं हाड मोडलं. आदल्या दिवशी ते चाक तू बसवलं होतंस. मी धावत आलो, तुला बाजूला घेतलं आणि हात जोडून सांगितलं की एक अक्षर बोलू नकोस, नट कोणी सैल केले हे कोणालाच माहीत नाही, जीप रात्रभर स्टँडवर उघडी होती. आणि तू माझ्यादेखत, स्टँडवरच्या पन्नास माणसांसमोर, त्या ड्रायव्हरला म्हणालास, "मीच कसले होते. एक फेरा कमी पडला असन माया हातानं. चाल, प्लास्टर करून आनू." मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. कबुली दिलीस, तीही साक्षीदारांसमोर, मूर्खा! त्या ड्रायव्हरनं तुझ्यावर दावा केला नाही. तुझ्या जनाज्याला घरापासून कब्रस्तानापर्यंत त्यानं खांदा सोडला नाही, आणि तो त्याचा मोडलेलाच खांदा होता.

हे सगळं आठवून मला रडू येत नाही. मला राग येतो. एवढं मोकळं तोंड असलेल्या माणसानं दुकानदाराला एक चिठ्ठी लिहू नये? यवतमाळ काय लंडन आहे? सकाळच्या जीपमध्ये मशीन टाकून न्यायचं, त्याच्या दारात ठेवायचं आणि बदलून दे म्हणायचं. मी तुला म्हटलंही होतं. तुला ते पटलं नव्हतं. तुम्हा मिस्त्री लोकांची ही एक खोडच आहे. दुसऱ्याचं मशीन दहा वेळा उघडाल, आणि स्वतःचं बिघडलेलं मशीन दुसऱ्याकडे न्यायला लाज वाटेल. "मिस्त्री हाओ मी. मायंच मशीन रिक्षात टाकून नेलं तं गाव हासन नं बे मले." गाव हसलं असतं, शब्बीर. चार दिवस हसलं असतं.

इथपर्यंत सगळा राग तुझ्यावर काढला. आता जे लिहायचं ते वीस दिवस टाळत आलोय.

तू सील तोडण्याआधी माझ्याकडे आला होतास.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. कोर्टाला सुट्टी लागायला दोन दिवस होते, माझ्या ऑफिसात पक्षकारांची गर्दी होती. तू आलास, हात पुसत उभा राहिलास. कोणी उठून तुला जागा दिली तर नको म्हणालास, कपडे काळे होतील. खिशातून वॉरंटीचं कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलंस. ते कार्ड तू प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलं होतंस. आणि मला दोन गोष्टी सांगितल्यास. पहिली, मोटर आपोआप बंद होत नाही. दुसरी तू खाली वाकून, टेबलाखाली हात नेऊन दाखवलीस. "खालच्या जोडातून हवा फुसफुस करते. साबनाचं पानी लावून पाह्यलं म्या. बारीक बुडबुडे येतेत, तीन ठिकानी. नवीन टाकीले असं व्हाले नाई पायजे. तू म्हनत होता नं, कळवा लागते लेखी? तं लिह्य मंग."

म्हणजे ऐकलं होतंस तू माझं. इतकं भांडून, चेष्टा करून, शेवटी माझं ऐकून माझ्या दारात आला होतास.

मी वहीत लिहून घेतलं. दोन्ही तक्रारी लिहिल्या, वर तारीख टाकली. कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हटलं, "दिवाळी होऊ दे, पाठवतो नोटीस." तू म्हणालास, "फी?" मी म्हटलं, "चल नीघ इथून." सगळे हसले. तूही हसलास आणि गेलास.

आमच्या धंद्यात फी घेतली की फाईल उघडते, फाईल उघडली की डायरीत तारीख पडते, आणि तारीख पडली की काम होतंच. मित्राची फाईल आम्ही उघडत नाही. त्यात आम्हाला मोठेपणा वाटतो. तुझी फाईल उघडली नाही म्हणून तुझी तारीख पडली नाही, आणि तारीख पडली नाही म्हणून दिवाळी झाली, कोर्ट उघडलं, तुझं कार्ड ड्रॉवरमध्येच राहिलं. परक्या माणसाची नोटीस मी त्याच आठवड्यात पाठवली असती. एका पानाचं काम होतं. घरचंच आहे, होईल, म्हणून मागे पडलं.

आणि नोटिशीचंही सोड. टाकीच्या जोडातून हवा जाते असं तू सांगितल्यावर, 'मग तोवर मशीन लावू नको' एवढे पाच शब्द मी बोलायला हवे होते. ते मी बोललो नाही. समोर गर्दी होती, मला पुढचा पक्षकार घ्यायचा होता. तू वाट पाहिलीस, आठवडा, दोन आठवडे. स्टँडवर भेटलास तेव्हा विचारलंसही नाहीस, कारण फी न घेणाऱ्या माणसाला तगादा कसा लावायचा? मग तू स्क्रू-ड्रायव्हर घेतलास आणि जे तुझ्या हातात होतं ते केलंस. जोडाचं तुझ्या हातात नव्हतं. हवेच्या दाबाच्या टाकीवर साधं वेल्डिंग करायचं नसतं, आणि कंपनीच्या टाकीला मिस्त्रीनं हात लावायचा नसतो, एवढं तुला कळत होतं. तो भाग तू माझ्यावर सोडलास.

गेल्या आठवड्यात मी तुझ्या घरी गेलो. रेहानाभाभी इद्दतीत आहे, नवऱ्यामागे घरात राहून पाळायच्या मुदतीत, म्हणून ती पडद्याआड बसली. दारात तुझी नाझनीन उभी राहिली. यवतमाळला कायदा शिकते म्हणून तू जिची मला रोज आठवण करून द्यायचास, ती. पहिल्याच वर्षाला आहे, पण नजर तुझी आहे, समोरच्याच्या हाताकडे पाहते. मी दाव्याचं बोलायला गेलो होतो. ग्राहक आयोगात जायचं की दिवाणी कोर्टात ते नंतर ठरवू, पण दावा होतो, असं मी म्हटलं.

पडद्याआडून भाभी म्हणाली, "विलासभाई, लोगां बोल रहे के सील इन्होंने खोली, तो गलती इनकीच थी. सच्ची बताओ मेरे कू. इनकी गलती थी क्या?"

तिला पैशाचं काही विचारायचं नव्हतं. वीस-बावीस वर्षांच्या संसारानंतर नवरा स्वतःच्या चुकीनं मेला की दुसऱ्याच्या, एवढंच तिला हवं होतं. गावात ती जिथे जाईल तिथे हेच बोललं जाणार होतं, की मिस्त्रीनंच हात घातला. मी वकिलासारखं उत्तर देऊ लागलो. दोन्ही बाजूंची थोडी थोडी चूक असली तर कोर्ट त्याची वाटणी करतं, वगैरे. नाझनीननं मला मधेच थांबवलं.

"काका, अब्बांनी कोनाले सांगतलं होतं का, की मशीन खराब हाये म्हनून? सील खोलाच्या आधी? सांगतलं असन तं फरक पडते नं?"

पडतो. सगळा फरक तिथेच पडतो. सील तोडण्याआधी जोडाची तक्रार केलेली असेल, तर जोड आधीपासूनच कच्चा होता हे त्या तक्रारीवरूनच दिसतं. मग डबी कोणी उघडली याचा टाकी फाटण्याशी संबंध उरत नाही. ती तक्रार माझ्या वहीत होती, तारखेसकट. त्या तक्रारीचा दुसरा कोणताही पुरावा नव्हता. आणि ती वही बाहेर काढायची म्हणजे, तक्रार पुढे का गेली नाही हेही सांगायचं.

वही फाडून टाकावी असं मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. तुला आता काय खोटं सांगायचं? आदल्या दिवशी दुपारी मी ते पान दोन बोटांत धरून बराच वेळ बसलो होतो.

मी त्यांना सांगितलं. तू आला होतास, काय म्हणालास, मी काय लिहिलं, काय केलं नाही. म्हटलं, पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. तो नाही, म्हणून भाभी, तुमची परवानगी मागायला आलोय. आणि एकाच प्रकरणात वकील आणि साक्षीदार दोन्ही होता येत नाही, म्हणून वकील दुसरा बघा. मी पिंजऱ्यात उभा राहीन.

मग भाभी म्हणाली, "तो इन्होंने बोला था." पुन्हा एकदा तेच म्हणाली. "बोला था इन्होंने." मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली, असं नाझनीन नंतर म्हणाली. मला तिनं एक शब्द बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

काल दुपारी नाझनीन एकटीच माझ्या ऑफिसात आली. मी सुचवलेल्या नवीन वकिलीणबाईंकडे जाऊन आली होती. हातात शंभर पानी वही. तू उभा राहायचास तिथेच उभी राहिली, बस म्हटलं तर बसली नाही. वहीत तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. जबाबदारी, कसूर, कारण, नुकसान. मला वाटलं दुकानदाराविरुद्धचं टिपण असेल, म्हणून मी चष्मा लावला. वर माझं नाव होतं.

"बाईंनी नाई सांगतलं, काका. मीच लिहून पाह्यलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी अब्बांचे वकील होते, मंजे जबाबदारी हाये. नोटीस नाई पाठवली, लावू नको नाई म्हटलं, ते कसूर. नुकसान तं हायेच. तिसरं मले लिहिता येत नाई. ते तुमीच सांगा. तुमी नोटीस पाठवली असती, लावू नको म्हटलं असतं, तं अब्बा वाचले असते का?"

शब्बीर, या प्रश्नाचं उत्तर कोणताही वकील झोपेतसुद्धा देईल. सांगता येत नाही. नोटीस मिळूनही दुकानदारानं मशीन नेलं नसतं, मी नको म्हणूनही तू ते लावलं असतंस, तू कोणाचं ऐकणारा होतास? यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कोर्टात यातल्या एकावर मी सुटलोही असतो. ती वाट पाहत होती. मला तुझा इतका राग आला, की मरून तू माझ्यासमोर हे पोर उभं केलंस.

मी म्हटलं, "वाचला असता. माझं ऐकून तर तो आला होता."

तिनं ते तिसऱ्या ओळीपुढे जसंच्या तसं लिहून घेतलं. मग वही माझ्याकडे फिरवली आणि खाली सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. मी केली.